'बिघडलेल्या' मुलांचं गाव

प्रत्येक हॉस्टेलमध्ये, प्रत्येक बॅचमध्ये एखादा तरी असा असतो, की ज्याच्याबद्दल सगळे म्हणतात, "जाऊ दे रे, तो गेला कामातून." लेक्चरला नाही, सबमिशनला नाही, मेसमध्ये भांडणं, रूममध्ये नुसता पसारा. रेक्टर दंड करतात, घरी फोन जातो, वडील येतात, पोरगा खाली मान घालून उभा राहतो आणि आठवड्याभरात पुन्हा ये रे माझ्या मागल्या! आपण सगळे इंजिनिअर होऊ घातलेली माणसं. मशीन बिघडलं तर आपण आधी विचारतो, का बिघडलं? माणूस बिघडला की मात्र डायरेक्ट भंगारात!

सहाव्या सेमिस्टरला आम्हाला ह्युमॅनिटीजचं एक इलेक्टिव्ह होतं. त्याच्या सेमिनारसाठी विषय शोधताना मला अमेरिकेतल्या एका संस्थेचा इतिहास सापडला. सेमिनार झाला, मार्कही मिळाले, पण विषय काही डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

संस्थेचं नाव 'बॉइज टाउन', सरळ भाषेत 'पोरांचं गाव'. कोर्टाने पाठवलेली, घरातून पळालेली, शाळेने काढून टाकलेली मुलं सांभाळणारी ही धर्मादाय संस्था १९१७ साली सुरू झाली आणि आजही चालू आहे. मधल्या काळात तिने एकदा स्वतःचीच जुनी पद्धत मोडीत काढून नवी उभी केली. मला तो भाग सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला, कारण त्यात प्रयोग आहेत, एक फसलेली कॉपी आहे आणि आपल्या कंट्रोल सिस्टीम्सच्या पेपरातला फीडबॅकसुद्धा आहे.

९० डॉलर आणि ५ मुलं

एडवर्ड फ्लॅनगन मूळचे आयर्लंडचे, जन्म १८८६ चा. अमेरिकेत येऊन ते कॅथलिक धर्मगुरू झाले आणि नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरात काम करू लागले. ओमाहा म्हणजे रेल्वेचं मोठं केंद्र आणि कत्तलखान्यांचं शहर. हंगामी मजूर काम शोधत यायचे आणि काम संपलं की रस्त्यावर यायचे. फादर फ्लॅनगननी आधी अशा बेकार माणसांसाठी रात्रीच्या निवाऱ्याची सोय केली. त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट त्यांच्या लक्षात येत गेली. बहुतेकांची घसरण लहानपणीच सुरू झाली होती. कुणाचे आईबाप गेलेले, कुणाचे असून नसल्यासारखे. चाळिशीतल्या माणसाला सावरायचं म्हणजे फायनल इयरला येऊन एम-वन काढण्यासारखं. निघतो विषय, पण किती उशिरा!

त्या काळी चोरी करताना सापडलेल्या किंवा नुसत्या भटकणाऱ्या मुलांनाही 'रिफॉर्म स्कूल'मध्ये टाकत. नाव शाळेचं, कारभार बराचसा तुरुंगाचा. मुलांसाठी वेगळं कोर्ट असावं ही कल्पनाही तिकडे तशी नवीनच होती, पहिलं बालन्यायालय शिकागोत १८९९ साली निघालेलं. अशा वेळी १२ डिसेंबर १९१७ रोजी फादर फ्लॅनगननी ९० डॉलर उसने घेऊन एक घर भाड्याने घेतलं आणि ५ मुलांना तिथे आणलं. मुलं वाढत गेली, घर अपुरं पडलं. १९२१ साली संस्था शहराबाहेर 'ओव्हरलुक फार्म' नावाच्या शेतावर गेली. १९३६ साली तर सरकारदरबारी त्याची स्वतंत्र गाव म्हणून नोंद झाली. स्वतःचं पोस्ट ऑफिस आणि मुलांनी मतदान करून निवडलेला मुलांतलाच महापौर!

फादर फ्लॅनगन यांचं म्हणणं साधं होतं. मुलगा जन्मतः वाईट नसतो. वाईट असतं ते त्याला मिळालेलं घर, परिसर, शिकवण. त्यामुळे गावाला भिंत नाही, मारहाण नाही, आणि गोरा-काळा, कॅथलिक-प्रोटेस्टंट-ज्यू असा भेद नाही. त्या काळच्या अमेरिकेत ही शेवटची गोष्ट अजिबात साधी नव्हती.

१९३८ साली हॉलिवूडने 'बॉइज टाउन' याच नावाचा पिक्चर काढला. फादर फ्लॅनगन यांचं काम करणाऱ्या स्पेन्सर ट्रेसीला त्याचं ऑस्कर मिळालं. संस्था जगप्रसिद्ध झाली.

१९४६ साली फादर फ्लॅनगन आयर्लंडला गेले. तिथल्या मुलांच्या संस्थांमधली मारहाण आणि कैद्यांसारखी वागणूक यांवर त्यांनी जाहीर टीका केली. सत्तेवरच्या लोकांना ते अजिबात आवडलं नाही. आपलाच माणूस परदेशातून येऊन आपल्याला शिकवतो काय! विषय दाबला गेला. १९४८ साली, युद्धानंतर अनाथ झालेल्या मुलांची परिस्थिती पाहण्यासाठी युरोपात गेले असताना, बर्लिनमध्ये त्यांचं निधन झालं. आयर्लंडच्या पंतप्रधानांनी त्या संस्थांमधल्या मुलांची माफी मागितली ती १९९९ साली, आणि सरकारी चौकशी आयोगाचा मोठा अहवाल आला २००९ साली. म्हणजे एक माणूस १९४६ ला जे ओरडून सांगत होता, ते ऐकू यायला अर्ध्या शतकाहून जास्त वेळ लागला. मधल्या काळात किती मुलं त्या दारांतून आत गेली असतील, याचा विचार केला की अंगावर काटा येतो.

संस्था वाढली, घर हरवलं

फादर फ्लॅनगन यांच्यानंतर बॉइज टाउन वाढतच गेलं. शेकडो मुलं, मोठमोठ्या इमारती, मोठं भोजनगृह, वेळेवर घंटा. थोडक्यात सांगायचं तर आपलं हॉस्टेल! आपण इथे अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी येतो, मागे घर असतं, दिवाळीला गावी जाता येतं. तिथे १०-१२ वर्षांची मुलं होती आणि बऱ्याच जणांना परत जायला घरच नव्हतं. अशा मुलाला रांगेत उभं करून ताट देता येतं. पण आज तो गप्प का आहे, हे रांगेत कुणाला दिसणार?

पैशाला मात्र तोटा नव्हता. दरवर्षी ख्रिसमसच्या सुमाराला देशभर मदतीची पत्रं जायची आणि लोक भरभरून पैसे पाठवायचे. १९७२ साली ओमाहातल्या 'सन' या छोट्याशा साप्ताहिकाने शोध घेतला, की या पैशाचं होतं काय? हे साप्ताहिक तेव्हा वॉरन बफे यांच्या मालकीचं होतं. होय, तेच ते शेअर मार्केटवाले! धर्मादाय संस्थांना सरकारकडे जो हिशेब द्यावा लागतो तो आता लोकांना पाहता येतो, ही गोष्ट बफे यांनीच वार्ताहरांच्या लक्षात आणून दिली. त्या कागदांतून बाहेर आलं, की संस्थेकडे २० कोटी डॉलरच्या वर मालमत्ता पडून आहे आणि तरीही गरिबीचा सूर लावून पत्रं जातच आहेत. कुणी पैसे खाल्ले होते असं नाही. साठवले होते, पण मुलांवर त्या मानाने खर्च होत नव्हते. या बातमीला १९७३ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं.

संस्था हादरली. त्याच वर्षी फादर रॉबर्ट हप हे नवे प्रमुख आले. आता प्रश्न असा, की पैसा आहे, जागा आहे, नाव आहे, मग करायचं काय? उत्तर सापडलं ते शेजारच्या कॅन्सस राज्यातल्या एका घरात. त्यासाठी आपल्याला थोडं मागे, १९६७ सालात जावं लागेल.

लॉरेन्समधलं घर आणि पॉइंटचं कार्ड

कॅन्ससमधलं लॉरेन्स हे विद्यापीठाचं गाव. तिथल्या काही नागरिकांच्या मनात आलं, की गावातली वाट चुकलेली मुलं लांबच्या सरकारी शाळेत पाठवण्यापेक्षा गावातच ठेवावीत. त्यांनी १९६७ साली एक घर उघडलं, नाव 'अचीव्हमेंट प्लेस'. घर चालवायला एक तरुण जोडपं आलं, एलरी आणि इलेन फिलिप्स. एलरी हा कॅन्सस विद्यापीठात मॉन्ट्रोज वुल्फ या प्राध्यापकांच्या हाताखाली शिकत होता. वुल्फ यांचा विषय वर्तनाचं शास्त्र. 'मूल असं का वागतं' याचा नुसता तर्क न करता, वागणं मोजायचं, एक गोष्ट बदलायची आणि पुन्हा मोजायचं, ही त्यांची पद्धत. म्हणजे आपलं लॅबचं जर्नलच की!

सुरुवातीची मुलं १२ ते १४ वर्षांची. चोऱ्या, मारामाऱ्या, शाळेला दांड्या, सगळ्या विषयांत नापास. प्रत्येकाकडे एक छोटं कार्ड असायचं. दिवसभरात जे चांगलं केलं त्याचे पॉइंट त्यावर लिहायचे, जे चुकलं त्याचे कापायचे. १९६८ साली एलरीने हा तक्ता छापून प्रसिद्ध केला. तो वाचताना खरंच मजा येते. खोली नीट ठेवली की दिवसाला ५०० पॉइंट. बातम्या पाहिल्या किंवा पेपर वाचला की ३००. पुस्तक वाचलं तर पानामागे ५ ते १०. नको असलेला दिवा बंद केला की २५! आणि उलट बाजूला, उशीर झाला की मिनिटाला १० गेले, वाद घातला की ३०० गेले, आणि चोरी, खोटेपणा किंवा कॉपी केली की १०,००० गेले. पॉइंट जमले की त्यातून सवलती विकत घ्यायच्या. सायकल वापरायची, टीव्ही पाहायचा, गावात फिरायला जायचं, रात्री उशिरापर्यंत जागायचं; प्रत्येकाला आठवड्याचे साधारण १,००० पॉइंट.

तुम्ही म्हणाल, हे तर सर्कशीतल्या प्राण्यांसारखं झालं. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण थोडं थांबा. या मुलांच्या आयुष्यात तोवर कोणत्याच गोष्टीचा हिशेब लागत नव्हता. आज बाप खुशीत असला तर चोरीसुद्धा चालून जायची, उद्या दारू प्यायला असला तर पाणी सांडलं म्हणून पट्टा निघायचा. कार्डाने त्यांना पहिल्यांदाच असं जग दाखवलं, की जिथे आपण काय केलं आणि आपल्याला काय मिळालं यांचा काही संबंध असतो. आणि कार्ड कायमचं नव्हतंच. मुलगा रुळला की पॉइंट बंद, सगळ्या सवलती फुकट, आणि मग हळूहळू घरी परत जायची तयारी.

प्रयोगांची पद्धतही पाहण्यासारखी आहे. मुलं शाळेतून घरी यायला, बाहेरच्या कामावरून परत यायला आणि झोपायला, तिन्हीला उशीर करत. एलरीने तिन्ही ठिकाणी एकदम दंड लावला नाही. आधी एका ठिकाणी लावला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. जिथे दंड लागला तिथलाच उशीर कमी होत गेला. म्हणजे सुधारणा दंडामुळेच झाली, आपोआप झाली नाही, हे सिद्ध झालं. एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं, हे आपल्याला लॅबमध्ये कितीदा सांगतात!

आणि आता हॉस्टेलच्या जिव्हाळ्याचा विषय, बाथरूम! बाथरूम कोण साफ करणार? 'सगळ्यांनी मिळून करा, नाही झालं तर सगळ्यांना दंड' हा उपाय त्यांनी करून पाहिला. तो फारसा चालला नाही. मग एका मुलाला मॅनेजर केलं. कुणी काय करायचं ते तो ठरवणार, पॉइंट तोच देणार आणि कापणार, आणि बाथरूम घाण राहिली तर त्याचेही जाणार. हे चाललं. सुरुवातीला मॅनेजरपद लिलावात पॉइंट देऊन विकत मिळायचं. पुढे वेगवेगळ्या पद्धती ताडून पाहिल्या, तेव्हा मुलांनी मत देऊन निवडलेला मॅनेजर सगळ्यात बरा ठरला. काम होत होतं आणि मुलांनाही तीच पद्धत पसंत होती. शिवाय रोज रात्रीच्या जेवणाच्या सुमाराला सगळ्या घराची बैठक व्हायची. कोणी नियम मोडला, त्याला काय शिक्षा व्हावी, मुळात हा नियम बरोबर आहे का, यावर मुलंच बोलायची.

दुसरं घर का फसलं?

पहिलं घर चाललं, नाव झालं, सरकारी संशोधन निधी मिळाला. साहजिकच पुढची पायरी, असं दुसरं घर काढू. नवीन जोडप्याला विद्यापीठात रीतसर शिकवलं. थिअरी पक्की, पॉइंटचा तक्ता तोच, कार्ड तसंच, नियम तेच.

आणि दुसरं घर फसलं!

मुलं चिडलेली, घरात कटकट, ज्यांनी घर उघडलं ती गावातली मंडळीही नाराज. ड्रॉइंग तेच, मटेरियल तेच, मग जॉब रिजेक्ट का झाला?

वुल्फ आणि त्यांचे सहकारी पहिल्या घरात जाऊन पुन्हा बारकाईने बघत बसले. तेव्हा लक्षात आलं, की एलरी आणि इलेन दिवसभर जे करत होते त्यातलं बरंच काही कागदावर आलेलंच नव्हतं. ते पॉइंट कापत, पण त्याच वेळी मुलाला शिकवतही होते. समजा, 'आज बाहेर जायचं नाही' म्हटल्यावर पोराने दार आपटलं. एलरी काय करणार? आधी म्हणणार, तुला राग आलाय हे कळतंय मला. मग तू आत्ता काय केलंस, त्याऐवजी काय करायचं, आणि ते का करायचं, हे सांगणार. मग तिथल्या तिथे त्याच्याकडून ते करून घेणार, आणि जमलं की कौतुक करून कापलेल्या पॉइंटमधले काही परतही देणार. दुसऱ्या घरात फक्त पॉइंट कापले जात होते. पद्धत कॉपी झाली होती, माणुसकी राहून गेली होती.

पण 'माणुसकी ठेवा' असं मॅन्युअलमध्ये लिहून काय उपयोग? ती मोजायची कशी? या मंडळींचं खरं डोकं मला इथे दिसतं. त्यांनी मुलांनाच विचारलं. घर चालवणाऱ्या माणसांचं वागणं मुलांना दाखवायचं, त्यात काय आवडतं आणि काय नाही ते विचारायचं आणि त्याचं रेटिंग घ्यायचं. १९७७ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना काय आवडलं? शांत आवाजात बोलणं, मदत करू का असं विचारणं, थट्टामस्करी, न्यायाने वागणं, कारण समजावून सांगणं. काय आवडलं नाही? ओरडणं, वस्तू फेकणं, पुरावा नसताना आरोप करणं, बोलूच न देणं, अपमान करणं. ज्यांना जगाने 'बिघडलेली' म्हटलं त्या पोरांची ही यादी! आपल्यापैकी कुणाची यादी याहून वेगळी निघेल? पुढे याच यादीवरून नव्या जोडप्यांना शिकवलं, तेव्हा मुलांनी त्यांना दिलेले मार्क वाढले.

१९७८ साली वुल्फ यांनी यावर एक लेख लिहिला, तो त्या विषयात आजही महत्त्वाचा मानतात. त्यांचं म्हणणं असं, की आपण आकडे मोजतो ते ठीक, पण तीन गोष्टी ज्यांच्यासाठी काम करतो त्यांनाच विचाराव्या लागतात. आपण जे साधायला निघालो ते त्यांना हवं आहे का? ज्या पद्धतीने साधतो ती त्यांना मान्य आहे का? आणि जे साधलं त्याने ते समाधानी आहेत का? यातून नियमच झाला. घर चालवणाऱ्या जोडप्याचं दरवर्षी मूल्यमापन व्हायचं, आणि त्यात मुलं, त्यांचे पालक, शाळेचे शिक्षक, कोर्टाची माणसं, सगळ्यांचं मत घ्यायचं. मार्क कमी पडले तर सर्टिफिकेट नाही. ओपन लूप सिस्टीम क्लोज्ड लूप झाली ती अशी.

पुन्हा बॉइज टाउन

हडबडलेल्या बॉइज टाउनने १९७५ च्या सुमाराला याच मंडळींना बोलावून घेतलं. फिलिप्स दांपत्य, त्यांचे सहकारी डीन फिक्सन आणि इतर काही जण कॅन्ससमधून नेब्रास्काला आले. मोठ्या डॉर्मिटरींची पद्धत मोडली. त्या जागी घरं आली. एका घरात एक लग्न झालेलं जोडपं आणि साधारण सहा ते आठ मुलं. स्वयंपाक घरातच, जेवण एका टेबलावर, भांडी पाळीने. जोडपं ड्यूटी संपली म्हणून घरी जात नाही, कारण तेच त्यांचं घर. काही जोडप्यांची स्वतःची मुलंही तिथेच वाढतात. १९७९ पासून मुलींनाही प्रवेश मिळाला. पुढे इतर राज्यांतही अशी घरं निघाली.

तिथे मुलांना जी 'स्किल्स' शिकवतात त्यातली काही वाचून मला आधी हसू आलं. सूचना पाळणं. टीका ऐकून घेणं. आणि 'नाही' हे उत्तर स्वीकारणं! त्याच्या पायऱ्यासुद्धा आहेत. समोरच्याकडे बघायचं, 'ठीक आहे' म्हणायचं, शांत राहायचं, आणि पटलं नसेल तर नंतर जाऊन बोलायचं. मग विचार केला, की आपल्याला हे कुणी शिकवलंय? व्हायवात एक्स्टर्नलने झापलं की आपलं काय होतं ते आठवून बघा! मोठ्यांसाठीही तिथे एक नियम आहे. मुलाची एक चूक दाखवायची तर त्याच्या निदान चार चांगल्या गोष्टींची दखल घ्यायची.

आकडे काय सांगतात?

इथपर्यंत वाचून वाटेल, की झालं, उपाय सापडला, विषय संपला. पण या लोकांनी स्वतःच्या कामाचंही मोजमाप केलं आणि जे निघालं ते लपवलं नाही, म्हणून मला ते जास्त आवडले.

अचीव्हमेंट प्लेसमधल्या सुरुवातीच्या थोड्या मुलांचे आकडे जोरदार होते. पण मुलं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, संख्याही कमी होती. पुढे अशा अनेक घरांची इतर पद्धतीच्या घरांशी तुलना झाली, तिचे निष्कर्ष १९८२ साली प्रसिद्ध झाले. मुलं घरात होती तोवर फरक स्पष्ट होता. या घरांतल्या मुलांच्या हातून गुन्हे कमी घडत होते, मुलं आणि शिक्षक जास्त समाधानी होते. पण घर सोडून एक वर्ष झाल्यावर दोन्ही गटांत म्हणावा असा फरक उरला नाही.

हे वाचून मी थोडा खट्टूच झालो. पण विचार करा, मुलगा गेला कुठे? त्याच घरी, त्याच गल्लीत, त्याच मित्रांत. इनपुट बदललं की आउटपुट बदलणारच. काही दिवस पंख्याखाली बसवलं म्हणून माणसाला पुढे आयुष्यभर उकडणार नाही, असं थोडंच आहे! म्हणजे मुलगा हा दुरुस्त करून परत पाठवायचा पार्ट नाही. चांगलं घर हे औषधाच्या डोसासारखं कमी आणि रोजच्या जेवणासारखं जास्त आहे. ते मिळत राहावं लागतं.

आणखी एक शंका १९९९ सालच्या एका गाजलेल्या संशोधनाने जोरात मांडली. वाट चुकलेली मुलं एकत्र ठेवली की ती एकमेकांकडूनच नवे उद्योग शिकतात. एकाने चोरीचा किस्सा सांगायचा, बाकीच्यांनी हसायचं, आणि ते हसणं हेच त्याचं बक्षीस! मोठ्यांच्या पॉइंटपेक्षा मित्रांच्या टाळीची किंमत जास्त, हे हॉस्टेलवाल्यांना कुणी वेगळं सांगायला नको. म्हणून घर छोटं हवं आणि मोठी माणसं सतत सोबत हवीत.

या सगळ्याचा परिणाम धोरणावरही झाला. अमेरिकेत २०१८ साली एक कायदा झाला. त्यानुसार काही ठरावीक प्रकारच्या संस्था सोडल्या तर, मुलांना सामूहिक गृहात ठेवण्यासाठी केंद्र सरकारचा पैसा साधारण दोन आठवड्यांपुरताच मिळतो. भर असा, की मूल शक्यतो कुटुंबातच राहावं आणि मदत तिथे पोचवावी. बॉइज टाउनही आता मुलांच्या स्वतःच्या घरी जाऊन आईवडिलांना मदत करण्याचं काम मोठ्या प्रमाणावर करतं. शंभर वर्षांपूर्वी मुलाला घराबाहेर काढून वाचवायला निघालेली संस्था शेवटी त्याच्या घराच्या दारात जाऊन पोचली.

आपण काय घ्यावं?

आपलं हॉस्टेल म्हणजे काही सुधारगृह नाही (काही जणांच्या रूम पाहून शंका येते, ते सोडा!). पण शेकडो पोरं, मोजका स्टाफ, नियमांचा बोर्ड आणि दंडाची पावती हे गणित आपल्याकडेही आहे. या इतिहासातून मला तरी दोन-तीन गोष्टी घेण्यासारख्या वाटल्या.

दंड चालतो, पण त्याच्या जोडीला 'त्याऐवजी काय करायचं' हे कुणी सांगितलं तरच. नुसता दंड म्हणजे ते फसलेलं दुसरं घर. 'सगळ्या विंगला दंड' हा प्रकार तर १९६८ सालीच बाथरूमच्या बाबतीत कमी पडलेला आहे. त्यापेक्षा विंगने आपला माणूस निवडावा, त्याला थोडे अधिकार द्यावेत आणि जबाबदारीही. रेक्टर सर, मेसचे काका, वॉचमन मामा यांच्यावर आपण नोटीस बोर्डावर टोमणे लिहितो, पण वर्षातून एकदा नीट कागदावर मत कुणी घेतं का? आणि आपलं मत घ्यायचं तर त्यांचंही घ्यायला हवं. पोरांनी आपल्याशी कसं बोलावं असं मेसच्या काकांना वाटतं, हे त्यांना कुणी विचारलंय?

मेस कमिटीची या महिन्याची मीटिंग अजून व्हायची आहे. भाजीत तेल जास्त आणि पोळी कच्ची या नेहमीच्या दोन विषयांनंतर हा तिसरा विषय मांडायचा माझा विचार आहे. कागद आणि पेन मी आणतो. प्रश्न तीनच ठेवू, वुल्फ सरांचे. तुम्ही फक्त या.